साडेत्रेसष्ट अंश

गिरगावातली एखादी चाळ पाडायची ठरली की पाडण्याआधी ती मोजावी लागते. आमच्या ऑफिसचं निम्मं काम गेली कित्येक वर्षं हेच आहे. खोलीच्या एका कोपऱ्यात फ्रिज, दुसऱ्यात देव्हारा, माळ्यावर ट्रंका, आणि मधल्या रिकाम्या पट्ट्यात टेप धरून उभे आम्ही. घरचं माणूस चहा पुढे करतं आणि विचारतं, "मॅडम, बाकी राहू दे, कार्पेट किती मिळणार तेवढं सांगा." प्रश्न रास्तच आहे. ज्यांनी दीडशे चौरस फुटांत लग्नं लावली, बाळंतपणं केली, म्हातारी माणसं सांभाळली, त्यांनी फुटांचा हिशेब मागायचा नाही तर कुणी मागायचा? पण आपल्या आताच्या खिडकीतून उजेड किती येतो आणि नव्या घरात किती येईल, असं मला आजवर कुणी विचारलेलं आठवत नाही. शंभर वर्षांपूर्वी या शहरात सरकारी कचेरीत हा प्रश्न गांभीर्याने विचारला जात होता, आणि त्याचं उत्तर चौरस फुटांत नव्हे, अंशांत दिलं जात होतं.

आम्ही कुठल्याही इमारतीची मुख्यतः दोन चित्रं काढतो. एक प्लॅन, म्हणजे वरून पाहिलेली इमारत. तो सगळ्यांना कळतो, निदान कळल्यासारखा वाटतो. दुसरं सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापली तर आत काय दिसेल ते. मजल्यांची उंची, सज्जाची लांबी, समोरच्या इमारतीशी असलेलं अंतर, गच्चीचा कठडा, पायाची खोली हे सगळं त्यात येतं. जे.जे. आर्किटेक्चर कॉलेजमध्ये आमचे एक सर म्हणायचे की प्लॅनमध्ये माणूस झोपतो आणि सेक्शनमध्ये श्वास घेतो. तेव्हा आम्ही हसलो होतो. पुढे कामात पडल्यावर कळलं की मुंबईच्या घरांचा इतिहास लिहायचा तर तो सेक्शनमधूनच लिहावा लागेल, कारण प्लॅनमध्ये एकोणिसाव्या शतकातली चाळीतली खोली आणि आजची झोपडपट्टी पुनर्वसनातली खोली बरीच सारखी दिसते.

जुन्या गिरगावकडच्या चाळीचं सेक्शन असं असतं: तळमजला अधिक तीन, सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मध्ये विटा, वर मंगलोरी कौलं. पुढे लाकडी कठड्याची गॅलरी, मग बाहेरची खोली, मग स्वयंपाकाची खोली, तिच्या कोपऱ्यात मोरी, आणि मोरीच्या मागे हाउस गल्ली. या गल्लीबद्दल कुणी कविता केलेली नाही. दोन इमारतींच्या पाठींमधली ही चिंचोळी पट्टी, तिच्यात सांडपाण्याचे पाइप, आणि जुन्या काळी टोपल्यांचे संडास साफ करणाऱ्यांची ये-जा. आतल्या खोलीला उजेड मिळायचा तो याच पट्टीतून. म्हणजे तिसऱ्या मजल्यावर थोडा, तळमजल्यावर जवळजवळ नाही. गॅलरीवर आपण सगळे भरभरून बोलतो, गणपती, भांडणं, लोणच्याच्या बरण्या, सगळं आठवतं. पण सेक्शन काढताना दिसतं की चार फूट पुढे आलेली तीच गॅलरी खालच्या मजल्याच्या बाहेरच्या खोलीचाही उजेड अडवते. चाळीच्या आठवणी लिहिणाऱ्यांनी एकदा तळमजल्याच्या आतल्या खोलीत भर दुपारी दिवा न लावता पोथी वाचून दाखवावी, असं मला नेहमी वाटतं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं आणि या आतल्या खोल्या एकदम सरकारच्या डोळ्यांसमोर आल्या. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा सिद्ध व्हायचं होतं. दोष दिला गेला तो कोंदट हवेला, ओलीला आणि अंधाराला. कारणाचं निदान चुकलं, पण त्या चुकीतून जो उपाय निघाला तो शहराला लाभला. १८९८ मध्ये 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. गजबजलेल्या वस्त्यांतून समुद्रावरची हवा आत यावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रस्ते पूर्व-पश्चिम कापले गेले. आग्रीपाडा, नागपाडा, परळ अशा ठिकाणी ट्रस्टच्या चाळी उभ्या राहिल्या. रस्त्यांसाठी ज्यांची घरं पाडली त्यांची संख्या आणि नव्याने बांधलेल्या खोल्यांची संख्या मात्र कधी जुळली नाही. पाडणं सोपं, पर्यायी घर देणं अवघड, हा मुंबईचा जुना आजार त्या काळापासूनचा.

ट्रस्टचा एक अध्यक्ष होता जे. पी. ऑर. सनदी अधिकारी, पण डोकं आर्किटेक्टचं. १९१०च्या दशकात त्याने एकच गोष्ट लावून धरली: राहत्या खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून आडव्या रेषेशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करून तिरकी रेषा वर काढा. समोरची इमारत त्या रेषेच्या आत घुसता कामा नये. कुणाला वाटेल, साडेत्रेसष्ट हा विचित्र आकडा कुठून आला? शाळेतलं त्रिकोणमितीचं पुस्तक काढलं की उलगडा होतो. या कोनाचा टॅन्जंट दोन. म्हणजे समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मं अंतर मध्ये मोकळं हवं. चाळीस फुटांची इमारत, तर वीस फूट मोकळी जागा. हा नियम समजायला ना आर्किटेक्ट लागतो ना वकील. घरमालकाच्या मुनीमालाही तो दोरी धरून तपासता येईल.

हा नियम उदार होता असं समजू नका. मुंबई साधारण १९ अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या दुपारी बाराला सूर्य आपल्याकडे क्षितिजापासून साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. समोरची इमारत दक्षिणेला असेल तर ऑरचा नियम पाळूनही तळमजल्याच्या खोलीत डिसेंबरचं ऊन शिरणार नाही. पण आकाशाचा साडेसव्वीस अंशांचा तुकडा खिडकीच्या तळाशी उभं राहून दिसेल. ऑरचा नियम ऊन देत नव्हता, आकाश देत होता. त्याहून कमी माणसाला देऊ नये, अशी ती खालची रेघ होती. तीही घरमालकांना जड गेली. महापालिकेत मालमत्ताधारकांचंच वजन होतं, आणि मोकळा सोडलेला प्रत्येक फूट म्हणजे बुडालेलं भाडं. ट्रस्टने आपल्या मालकीच्या जमिनींवर ही शिस्त राखली, कारण भाडेपट्ट्याच्या अटी त्याच्या हातात होत्या. बाकी शहरात ती ढिली पडत गेली.

ट्रस्टची शिस्त पाहायची असेल तर दादर-माटुंगा योजनेत फिरावं. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स. बुटक्या इमारती, चारही बाजूंनी मोकळी जागा, झाडांना रस्त्यावर हक्काची जागा. इथे मला नेहमी एक प्रवास आठवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या ट्रस्टच्या चाळीत कितीतरी वर्षं राहिले आणि मग हिंदू कॉलनीत बांधलेल्या 'राजगृहा'त गेले. चाळही ट्रस्टची आणि कॉलनीचा आराखडाही ट्रस्टचा. एकाच संस्थेने कामगारांसाठी काय काढलं आणि मध्यमवर्गासाठी काय काढलं, हे या दोन पत्त्यांमध्ये दिसतं. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना मी दोन्ही ठिकाणी न्यायचं सुचवते. एकाच दिवशी.

१९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' (बीडीडी) निघालं. कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसवून गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता. झाल्या सोळा हजारांच्या आसपास. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी मिळून २०७ चाळी. तळमजला अधिक तीन, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, सगळं सिमेंट काँक्रीटचं. इथे गिरगावची उघडी गॅलरी गेली आणि मधोमध बंदिस्त बोळ आला, दोन्ही बाजूंना खोल्या. काटकसरीचा प्लॅन, पण बोळात दिवसाही दिवा. सुरुवातीला कितीतरी खोल्या रिकाम्या पडून होत्या. मात्र एक गोष्ट बीडीडीच्या मांडणीत खरी होती. दोन चाळींमध्ये अंतर होतं. त्या अंतरात कबड्डी झाली, सभा झाल्या, लग्नाचे मांडव पडले. आर्किटेक्टने न रेखाटलेली खोलीच ती.

मग १९३०च्या दशकात मुंबईने आपली सगळ्यात देखणी घरं बांधली. बॅकबेच्या भरावावर मरीन ड्राइव्ह आली, ओव्हलच्या पश्चिमेला फ्लॅटांची रांग आली. २०१८ मध्ये युनेस्कोने या रांगेला जागतिक वारशात घेतलं तेव्हा वर्तमानपत्रांनी नक्षी, रंग, अक्षरं यांवरच लिहिलं. मला त्यात वेगळं काही दिसतं. आर्किटेक्ट गजानन बाबुराव म्हात्रे यांची सूना महल ही इमारत १९३७ची. तिची गोलाईची गच्ची सगळे पाहतात. पण म्हात्र्यांच्या इमारतींची ताकद सेक्शनमध्ये आहे. खिडकीच्या वर भुवईसारखा पुढे आलेला काँक्रीटचा छज्जा घ्या. आडवा पाऊस खिडकीपर्यंत पोचत नाही, दुपारचं ऊन अडतं, आणि खिडकी जुलैतही उघडी ठेवता येते. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या गावात उघडी खिडकी ही चैन नव्हे. नव्या टॉवरांत हा छज्जा नाही, काच भिंतीच्या बरोबरीने बसते. पहिल्या पावसात सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर गळतीचे फोटो येतात, आणि एसी लावला की प्रश्न सुटला असं सगळे मानतात.

म्हात्रे जे.जे.चे विद्यार्थी, पुढे इंग्लंडला शिकून आलेले. त्या पिढीत मास्टर, साठे आणि भुता होते, सोहराबजी भेडवार होते. त्याआधी मुंबईच्या मोठ्या इमारतींवर इंग्रज आर्किटेक्टांची नावं लागत आणि ड्रॉइंग बोर्डावर वाकलेले डोळे देशी असत. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या उभारणीत फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या जोडीला सीताराम खंडेराव वैद्य होते, हे किती प्रवाशांना माहीत असतं? १९३०च्या दशकात आपल्या माणसांनी आपल्या लोकांसाठी घरं काढली, आणि ती काढताना खिडकीत उभं राहणाऱ्या बाईला वारा कुठून लागेल याचा विचार केला. दादर-शिवाजी पार्कच्या जुन्या इमारतींत मी मोजलेल्या खोल्या अकरा फुटांच्या आसपास उंच आहेत. आज आम्ही नऊ फुटांवर थांबतो, फॉल्स सीलिंग केलं की साडेआठ.

हे सगळं मोडलं कशाने? बिल्डरांच्या हावरेपणाने, असं म्हणणं सोपं आहे. हाव १८९६ मध्येही होती. माझ्या मते दोन कायदे आणि एक आकडा यांनी हे केलं.

पहिला १९४७चा भाडेनियंत्रण कायदा. भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठली. भाडेकरू वाचला हे खरंच. पण भाड्यासाठी घर बांधण्यात कुणाला रस उरला नाही आणि उभ्या इमारतींची डागडुजी थांबली. १९६९ मध्ये जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ काढावं लागलं, रहिवाशांवर उपकर बसला, आणि 'सेस बिल्डिंग' हा शब्द आमच्या धंद्यात कायमचा आला. दुसरा १९६३चा मालकी फ्लॅटांचा कायदा. त्यानेही ग्राहकाचं भलंच चिंतलं होतं. पण दोन्हींचा एकत्र परिणाम असा झाला की घर भाड्याने घ्यायची वस्तू न राहता चौरस फुटांनी विकायची वस्तू झाली. भाडेकरू खोली पाहायला येई तेव्हा दार उघडून उभा राहायचा, हवा आहे का, उजेड आहे का बघायचा. न पटलं तर पुढची खोली. फ्लॅट घेणारा कागदावरचा प्लॅन पाहतो, इमारत अजून जमिनीतच असते. कागदावर उजेड कसा मोजणार?

आणि आकडा म्हणजे एफएसआय. १९६०च्या दशकातल्या पहिल्या विकास आराखड्यापासून तो शहरात रुजला. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, एवढंच तो सांगतो. १९९१च्या नियमावलीत मुंबई बेटावर १.३३, उपनगरांत १. कोनाला दिशा असते, या आकड्याला दिशा नाही. समोर काय आहे हे तो विचारत नाही. आकडा वाढवता येतो, दुसरीकडून आणता येतो, विकत घेता येतो, आणि टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, आल्यापासून रीतसर विकला-घेतला जातो. साडेत्रेसष्ट अंश कुणी कुणाला विकू शकलं असतं का?

मोकळ्या जागेचे नियम नियमावलीत आहेत, नाहीत असं नाही. पण पुनर्विकासाच्या योजनांत त्यांवर सवलत मिळते, आणि जिथे मोकळी जागा कमी पडते तिथे अधिमूल्य भरून ती कमतरता माफ करून घेता येते. आमच्या फाइलींत त्याची रीतसर पानं असतात. चलनावर शिक्का बसतो आणि आकाशाचा तुकडा हिशेबातून जातो.

या काळाची सगळ्यात मासलेवाईक गोष्ट फ्लॉवर बेडची. १९९१च्या नियमावलीच्या काळात बाल्कनीचा काही भाग, डक्ट, फुलझाडांसाठी खिडकीबाहेरचा ओटा हे एफएसआयमध्ये धरले जात नसत. हेतू चांगला, घराला बाहेरची हवा लागावी. मग दक्षिणेपासून दहिसरपर्यंत अचानक सगळ्या मुंबईकरांना फुलांचं वेड लागलं. प्रत्येक खोलीला फ्लॉवर बेड, तोही अडीच-तीन फूट रुंद. ताबा मिळाला की मधली भिंत काढायची, ग्रिल लावायची, लादी टाकायची, खोली मोठी. त्या फ्लॉवर बेडमध्ये मी एकही मोगरा फुललेला पाहिला नाही. २०१२च्या जानेवारीत नियमावलीतल्या दुरुस्तीने हे सगळं एफएसआयमध्ये मोजायला लावलं आणि त्याच्या बदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्के 'फंजिबल', म्हणजे हवं तिथे वापरता येणारं, जादा क्षेत्र दिलं. लबाडी बंद झाली. तिच्याबरोबर बाल्कनीही गेली. हल्लीच्या कितीतरी इमारतींत कपडे वाळत घालायला जागा नाही, बाहेर पाऊल टाकायला तर नाहीच. बाल्कनी ठेवली तर तिचेही फूट मोजले जातात, मग ती खोलीतच का घेऊ नये, असं गिऱ्हाईक म्हणतं. गिऱ्हाइकाचं गणित बरोबर आहे. नियमाने जे मोजायला शिकवलं तेच ते मोजतंय.

यात सगळ्यात जास्त सोसावं लागलं ते ज्यांना निवडच नव्हती त्यांना. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडात प्रकल्पग्रस्तांसाठी तळमजला अधिक सात मजल्यांच्या इमारती तीन-तीन मीटरांच्या अंतराने उभ्या केल्या. मी तिथे गेले ते डोक्यात सेक्शन घेऊनच. साधारण तेवीस मीटर उंची, तीन मीटर अंतर. कोन येतो साडेब्याऐंशी अंशांच्या वर. खालच्या खिडकीतून आकाशाचा साडेसात अंशांचाही तुकडा दिसत नाही, त्यातही समोरच्यांची वाळत घातलेली चादर. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दची पीएमजी कॉलनी यांचा 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने केलेला अभ्यास २०१८ मध्ये बाहेर आला. उजेड आणि वारा नसलेल्या घरांशी क्षयरोगाचा संबंध त्यात दाखवला होता. प्लेगच्या वेळी अंधाराला दोष देण्यात सरकारचं निदान चुकलं होतं. क्षयाच्या बाबतीत ते बरोबर ठरतं, आणि यावेळी घरं बांधणारं सरकारच आहे.

आता गिरगावही उंच होतंय. समूह पुनर्विकास आला, बीडीडीच्या चाळी पडू लागल्या, २०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या रहिवाशांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांतून पाचशे फुटांत जाणाऱ्या बाईला मी सेक्शनचे धडे देणार नाही. तिला स्वतःचा संडास मिळाला, ही गोष्ट माझ्या सगळ्या कोनांहून मोठी आहे. उंच इमारतीलाही माझा विरोध नाही. अंतर तेवढं ठेवा, मग चाळीस मजले चढवा. अडचण उंचीची नसते, उंची आणि अंतर यांच्या भागाकाराची असते, आणि तो भागाकार आमच्या कुठल्याही मंजुरीच्या तक्त्यात ठळक अक्षरांत लिहिलेला नसतो. क्षेत्रफळाचे तक्ते मात्र पानभर असतात. नियमावलीत पुढची दुरुस्ती होईल तेव्हा त्या तक्त्यात एक ओळ वाढवावी, एवढी माझी व्यवसायातल्या मंडळींकडे मागणी आहे.

पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी वाचकांनी तरी आपल्या आर्किटेक्टकडे एक सेक्शन मागावं. द्यायला आम्हाला एक दिवससुद्धा लागत नाही. आपल्या सगळ्यात खालच्या खिडकीसमोरच्या इमारतीची उंची मधल्या अंतराने भागावी. उत्तर दोनपेक्षा जास्त आलं तर का आलं, ते सर्वसाधारण सभेत विचारावं, आणि ते इतिवृत्तात लिहून घ्यावं.